बाकावरचं नाव

गेल्या रविवारी सोसायटीच्या गेटजवळचा बाक रंगवायला घेतला. इकडे सुरतच्या दिंडोलीत आमच्या सोसायटीत दिवाळीआधी गेट, रेलिंग, कुंड्या सगळं रंगवून काढतात. यंदाचा कंत्राटदार सगळ्याला एकच रंग मारणार होता, म्हणजे बाकावरचं नाव त्याखाली जाणार… म्हणून मी सेक्रेटरींना सांगितलं, हा बाक आम्ही घरचेच रंगवू.

नाव माझ्या धाकट्या दिराचं. भूषण. तीन वर्षांपूर्वी कामावर जातो म्हणून याच गेटमधून बाइक काढली आणि कामरेजच्या अलीकडे ट्रकखाली आला. चेहरा बघण्यासारखा राहिला नव्हता, म्हणून सासूबाईंना तो दाखवलाच नाही. ते बरोबर केलं की चूक, यावर आमच्या घरात अजून कोणी बोलत नाही.

इथे सुरतेत, माणूस गेला की त्याच्या नावाने बाक देतात. आम्ही खानदेशातले, आमच्या गावाकडे ही रीत नाही, पण शेजाऱ्यांचं बघून आम्हीही दिला… लोखंडी पाय, लाकडी पट्ट्या आणि पाठीच्या वरच्या पट्टीवर गुजरातीत 'स्व. भूषणभाई'. आडनाव नाही, तारीख नाही, तेवढंच.

त्या बाकावर सगळी सोसायटी बसते. फक्त आमच्या आई, म्हणजे सासूबाई, बसत नाहीत. रोज संध्याकाळी, भूषणची यायची वेळ झाली की गुडघे धरत खाली येतात आणि बाकाशेजारी रेलिंग धरून उभ्या राहतात.

डॉक्टरांनी रागावून सांगून झालं, मी तर सांगून सांगून थकले. बसा म्हटलं की मान फिरवायच्या. बाई फार हट्टी, असं मी मनातल्या मनात किती वेळा म्हटलं असेल.

तर रविवार. मी घरी साड्यांवर लेस आणि खडे लावायचं काम करते, त्यामुळे नक्षी उतरवून घ्यायची हाताला सवय आहे. आधी बटर पेपर लावून जुनी अक्षरं जशीच्या तशी उतरवली, मग तारेचा ब्रश घेतला.

इथली दमट हवा लोखंड कसं खाते ते खरवडायला बसल्यावरच कळतं… वरून चांगला धडधाकट दिसणारा पाय, आणि ब्रश लावला की नुसता भुगा. पॉलिश पेपरने लाकूड घासलं, लोखंडाला गंज धरू नये म्हणून रेड ऑक्साइड दिला आणि सोमवारी सगळ्यावर हिरवा ऑइल पेंट. आई वरून गॅलरीतून बघत होत्या.

मंगळवारी रंग वाळला. मी पट्टीवर बटर पेपर चिकटवत होते, तेव्हा आई हळूहळू खाली आल्या. त्यांना वाचता येत नाही, पण 'स्व.' मात्र ओळखता येतं… चौकात हार घातलेल्या फोटोंचे बॅनर लागतात, त्या प्रत्येकावर ते असतं. त्यांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं.

"इतलं लिखू नको वं. मंग मी बससू."

मला एकदम भरून आलं. तीन वर्षं ही बाई त्या एका अक्षरापायी उभी होती आणि आम्ही गुडघ्याला तेल चोळत होतो…

माझ्या मिस्टरांना ते मुळीच पटलं नाही. मेलेल्याला जिवंत दाखवायचं का, लोक काय म्हणतील, असं बोलून ते वर निघून गेले. रडायला गेले, हे मला माहीत होतं. भावाचं नाव निघालं की ते असेच उठून जातात.

मी बटर पेपरचा तेवढा भाग मागे दुमडला आणि पांढऱ्या रंगात नुसतं 'भूषणभाई' लिहिलं. त्या संध्याकाळी आई बाकावर बसल्या. पदराने पट्टी पुसली आणि अगदी टेकून, आरामात बसल्या. मी त्यांचा चहा खालीच नेऊन दिला. आपल्या हातून काहीतरी चांगलं झालं, असं वाटून मला त्या रात्री शांत झोप लागली.

आणि परवा…

तळमजल्यावर नवीन भाडेकरू आलेत, मूळचे शिरपूरकडचे. त्यांच्यातली बाई आईंशेजारी बसली होती. मी भाजी घेऊन गेटमधून आत येत होते, तेवढ्यात तिने मागचं नाव वाचलं आणि आईंना सहज विचारलं, हे भूषणभाई कोण?

"मना धाकला पोऱ्या शे," आई म्हणाल्या. "कामवर जायेल शे."

आवाजात काही नव्हतं. थरथर नाही, रडणं नाही. कामावर गेलाय, हे भाजीला गेलाय म्हणावं, तसं. ती बाई मान हलवून पुन्हा मोबाइलमध्ये बघायला लागली, आई रस्त्याकडे. मी पिशवी घेऊन तिथेच उभी राहिले… पुढे होऊन काय सांगणार होते? आईंनी त्याला शेवटचं पाहिलं ते कामावर जातानाच. त्यानंतरचं आम्ही त्यांना काही दाखवलंच नाही.

तेव्हापासून डोक्यात एकच चाललंय. मी त्यांना बसायला जागा करून दिली, की वाट बघायला?

काल सेक्रेटरींचा निरोप आला, 'स्व.' राहिलंय, तेवढं लिहून टाका, बाहेरची माणसं विचारतात. मिस्टर म्हणाले, लिही. मी रंगाचा डबा उघडला, ब्रश घेऊन खाली गेले… आई टेकून बसल्या होत्या. मला बघून जरा सरकल्या आणि शेजारी जागा केली. मी ब्रश मागे लपवला आणि बसले.

बटर पेपर मी फाडलेला नाही. 'स्व.' मागे दुमडलेलं आहे, तसाच साड्यांच्या नक्षीच्या कागदांत ठेवलाय. कधीतरी या पट्टीवर भूषणच्या शेजारी आईंचंही नाव लिहावं लागेल… तेव्हा 'स्व.' दोघांच्या नावाआधी एकदमच लिहीन.