भावाला दिलेला पासवर्ड

भोरला कचेरीच्या मागच्या आळीत, घराच्या पुढच्या खोलीत बसून मी लोकांचे दस्त टाइप करते. सगळ्यांत जास्त हक्कसोडपत्रं. आमच्याकडे बाप गेला की बहिणींनी जमिनीतला वाटा भावाच्या नावे सोडायचा, माहेर तुटू नये म्हणून. एखादी सही करताना घुटमळली की मीच म्हणायची, "करा ओ ताई, सगळ्याच करतात."

माझा कॉम्प्युटर बारा वर्षांचा. गेल्या उन्हाळ्यात तो असा रेंगाळायला लागला की बटण दाबून मी कुकर लावायची, देवपूजा उरकायची, तरी ते गोल चाक आपलं फिरतंच. पासवर्ड टाकला की पुन्हा दहा मिनिटं काळा पडदा. दारात लोक ताटकळत. एक आजोबा म्हणाले, "बाई, ह्ये म्हसरावानी रवंथ करतंय जनू." मला हसू आलं नाही. शिव्या घातल्या त्या मशीनला.

शेवटी एका रविवारी पदर खोचला. सुरू होताना आपोआप काय काय चालू होतं, त्याची यादी उघडली. व्हायरस पकडणारे दोन प्रोग्रॅम एकमेकांवरच पहारा देत बसले होते. एक काढून टाकला. फरक थोडाच. यादीत सगळ्यांत खाली एक अनोळखी नाव दिसलं. मोबाईलमधले फोटो कॉम्प्युटरवर उतरवून घेणारा प्रोग्रॅम होता तो, आणि माझा मोबाईल तर मी कधी जोडलाच नव्हता.

मग आठवलं. माझा धाकटा भाऊ भाटघरला शेती बघतो. बाजाराच्या दिवशी येतो, जेवतो, माझ्या खुर्चीत बसतो. "ताई, मोबाईल भरलाय, तुझ्यात टाकतो जरा." पासवर्ड त्याला माहीत होता. त्याचं लाडाचं नावच मी पासवर्ड ठेवलं होतं. भावापासून काय लपवायचं?

डिस्क काठोकाठ भरली होती. बैलगाडा शर्यतींचे व्हिडिओ, एकाच बैलाचे शंभर फोटो. बायकोचे दोन. मी हसत हसत पुसत चालले होते.

मधेच एका स्टॅम्पपेपरचा फोटो आला. मजकूर मला तोंडपाठ. 'मी माझा हिस्सा राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता सोडून देत आहे.' लिहून देणार म्हणून माझं नाव. सहीची जागा तेवढी मोकळी. फोटोची तारीख पाहिली. आमचे वडील, आप्पा, गेल्याचा पाचवा दिवस. त्या दिवशी तो माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडला होता.

आणि येत्या शुक्रवारी त्यानं मला कचेरीत बोलावलं होतं. "वारसनोंदीला सही लागती, ताई. पाच मिन्टाचं काम."

जमीन मी दिली असती. त्यानं ओसरीवर बसून एकदा विचारलं असतं, तर कागदही मीच टाइप करून दिला असता. गावातले सगळे दस्त माझ्याकडे येतात, हा एकच त्यानं दुसरीकडे करून घेतला. केसानं गळा कापतात म्हणतात, तो असा. संताप एवढा आला, तरी मी कुणाला फोन केला नाही.

शुक्रवारी गेले. त्यानं शेवटचं पान तेवढं वर काढून ठेवलं होतं. "हितं, ताई."

"चष्मा विसरले. वाचून दाखव. पहिल्यापासून."

"आगं, काय वाचायचं? न्हेमीचंच हाय."

"वाच."

त्यानं वाचायला घेतलं. 'राजीखुशीने'पर्यंत आला आणि थांबला. मी म्हटलं, "पुढं?" त्यानं मान वर केली नाही. म्हणाला, "ताई, सगळ्याच करत्यात की." माझंच वाक्य तो मला परत देत होता.

मी पेन टेबलावर ठेवलं आणि उठले.

कॉम्प्युटर आता दोन मिनिटांत सुरू होतो. पासवर्ड त्याच दिवशी बदलला. रोज सकाळी पहिल्यांदा चुकतो. बोटं अजून त्याचंच नाव टाकतात.