उजवा पाय आधी

आमच्या कणकवलीच्या कॉलेजात मुलींना कबड्डी शिकवणारे सर जिना चढताना प्रत्येक पायरीवर उजवा पाय आधी ठेवतात आणि डावा मागून ओढून आणतात. मी पहिल्या मजल्यावर लायब्ररीत बसते, त्यामुळे सर येतायत हे मला पावलांवरूनच कळतं. एके काळी त्यांची चढाई बघायला पार रेडीहून माणसं यायची म्हणे. दुखऱ्या गुडघ्यावर खेळत राहिले आणि पाय कायमचा गेला, असं जुने लोक सांगतात. सर स्वतः काहीच सांगत नाहीत. स्टाफरूममध्ये शुद्ध मराठीत मोजकं बोलतात. मैदानावर मात्र मालवणीत ओरडतात, आणि तेव्हाही त्यांची नजर पोरींच्या चेहऱ्यावर नसते, पायांवर असते.

यंदा फायनल बघायला मीही गेले होते. आम्ही जेमतेम पुढे होतो. आमची सगळ्यात चपळ पोरगी चढाईत पडली, उठली आणि हसत जागेवर गेली. सरांनी तिला बाहेर बोलावलं.

"माका जमता, सर," ती रडवेली झाली.

"तुका जमता गो. गुडघ्याक जमना नाय. बस हंय."

आम्ही हरलो. प्राचार्य बक्षीस समारंभाला न थांबताच निघून गेले. खरं सांगायचं तर मीही चिडले होते.

गेल्या आठवड्यात जिन्यावर धडधड ऐकू आली. ती पोरगी एकेक पायरी गाळत वर येत होती. तिच्या बऱ्याच मागून सर येत होते, उजवा पाय आधी.