फर्डिनंडच्या कबरीतला माणूस

विनया केळुसकर राहायची वसईच्या एव्हरशाईन सिटीत, पण बारा वर्षं तिच्या घरात वावरला तो व्हिएन्नाचा याकोब फेल्डर. कॉलेजात इतिहास शिकवून उरलेल्या वेळात ती देशोधडीला लागलेल्या वादकांवर पीएच.डी. करत होती. ज्यू म्हणून हाकललेले, अडतीस साली बोटीनं मुंबईला उतरलेले. इतरांचे शेवट तिला सापडले. कोणी लंडनला गेला, कोणी वेडा झाला. फेल्डर तेवढा व्हायोलिन घेऊन वसईला गेला आणि पुसला गेला. पोळ्या लाटताना, पेपर तपासताना तो तिच्या मागे उभा असायचा.

"शेवट नसेल तर प्रबंध अर्धाच," मार्गदर्शक सदानंद सरांनी बजावलं.

२००१ साली शोधत ती वसईजवळच्या वटार गावात पोचली, तेव्हा तिथल्या कार्मिन आजींनी माळ्यावरून व्हायोलिनची पेटी काढली. अस्तराखाली फेल्डरचा पासपोर्ट होता. विनयानं तो उघडला.

"मास्तर आमच्या पडवीत राहायचे. इथंच गेले, एक्कावन साली, तापानं," आजी म्हणाल्या. "बाप्तिस्मा नाही, मग माती कुठं द्यायची? माझा भाऊ फर्डिनंड बोटीवर होता, बुडाला, मिळालाच नाही. त्याचं नाव रिकामंच होतं. आईनं ते मास्तरांना दिलं."

"कोणी काही बोललं नाही?"

"सगळ्या गावाला ठाऊक. फादर तेवढे नवे होते!" आजी खुदकन हसल्या, मग पेटीवरची धूळ पुसू लागल्या. "आई मरेपर्यंत त्या क्रुसापाशी लेकासाठी रडली गो. बाय, तू छापलंस तर मास्तरांना उकरतील. आणि आईचा फर्डिनंड दुसऱ्यांदा बुडेल."

विनयानं पासपोर्ट परत अस्तराखाली सारला.

तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारलंच, "फेल्डरचं पुढे काय झालं?"

"सापडला नाही, सर."

"बारा वर्षांत?"

सगळे हसले. तीही हसली. पदवी मिळाली, पेढे वाटून झाले. त्या दिवसापासून फेल्डर मागे उभा राहीना, समोर येऊन बसू लागला.

पुढच्या वर्षी आजी गेल्या. मेणबत्ती तेवढी लावत जा, एवढंच सांगून. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, विनया वटारच्या दफनभूमीत त्या क्रुसापाशी वाकली. शेजारच्या कबरीवर झेंडू पसरणारा एक म्हातारा थांबला.

"फर्डिनंडची तू कोण गो?"

तिनं मेणबत्ती पेटवली.

"मामा होते माझे."

म्हाताऱ्यानं तिच्याकडे नीट पाहिलं.

"बरा वाजवायचा तुझा मामा," तो म्हणाला आणि पुन्हा झेंडू पसरू लागला.