अॅक्सिलरेटरवरचा पाय

मी लोअर परळच्या एका गॅरेजमध्ये गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम करते. बाईमाणूस बॉनेटमध्ये डोकं घालून उभी दिसली की गिऱ्हाईकं अजूनही विचारतात, "मेकॅनिक कुठाय?" मी आता उत्तर देत नाही. घरची गाडी मात्र माझ्याकडे कधी आली नव्हती. ती दादा त्याच्या ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे न्यायचा. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, त्याला सगळ्यातलं सगळं कळतं.

बाबांनी जन्मभर शेठ लोकांच्या गाड्या चालवल्या. रिटायर झाल्यावर स्वतःची घेतली, जुनीच, आणि लालबागला आमच्या बिल्डिंगखाली उभी केली. दिवाळीनंतर एकदा बाबा परळचा पूल चढत असताना तिचा पिकअपच गेला. मागे हॉर्नचा नुसता गोंगाट, आणि मागच्या सीटवर दादाची पोरं. काही दिवसांनी पुन्हा तेच. दादाच्या गॅरेजवाल्याने मशीन लावलं, तर थ्रॉटलच्या सेन्सरचा सिग्नल लो असल्याचा कोड आला. अॅक्सिलरेटर किती दाबलाय ते इंजिनाला या सेन्सरवरून कळतं. गॅरेजवाल्याने नवा सेन्सर टाकला, कोड पुसला. तरी गाडी परत पुलावर ढेपाळली. दादाने स्वतः चालवून पाहिली, तर अगदी मक्खन.

मग दादाने निकाल दिला. "सेन्सर नवा आहे. आता राहिले कोण, बाबा. पाय सटकतो त्यांचा आणि त्यांना कळतही नाही." त्याने बॅटरीची वायर काढली आणि चावी स्वतःच्या कपाटात ठेवली.

बाबा नायगावला माझ्या घरी आले. चहा पुढ्यात तसाच निवत होता. म्हणाले, "तू बघ गो एकदा. आणि गाडीत काय गावला नाय, तर मलाच सांग. त्याला नको." त्यांना स्वतःचीच खात्री उरली नव्हती. मला दादाचा असा राग आला की विचारू नका.

रविवारी मी मशीन आणि मीटर घेऊन लालबागला गेले. "बघ बाई, तुझं समाधान होऊ दे," असं म्हणत दादाने चावी दिली आणि वर निघून गेला. मी बॅटरी जोडून मशीन लावलं. कोड काहीच नाही. बॅटरी काढली की या जुन्या गाड्या सगळं विसरतात. इतकी वर्षं हे काम करतेय, पण 'देवा, गाडीत बिघाड निघू दे' असं मी तेव्हा पहिल्यांदा म्हटलं.

मग सेन्सरकडून इंजिनाच्या कॉम्प्युटरकडे जाणाऱ्या वायरीला मीटर लावला. बाबांना सीटवर बसवलं, इंजिन बंद, नुसती चावी फिरवलेली. "दाबा हळूहळू." आकडा अर्ध्या व्होल्टवरून निघाला आणि न अडखळता चारच्या वर गेला. सगळं ठणठणीत. मला रडू यायचं बाकी होतं.

"तसाच दाबून धरा," म्हटलं आणि वायरी चाचपायला लागले. सेन्सरच्या कनेक्टरपाशी लाल मुंग्यांची रांग दिसली. आता इंजिनात मुंग्यांचं काय काम? मी कनेक्टर जरासा हलवला आणि आकडा धाडकन शून्यावर आला.

"बाबा, पाय काढलात?"

ते बारीक आवाजात म्हणाले, "नाय गो. माका तरी थंयच वाटता. तू बघ."

मी दाराशी जाऊन वाकले. चप्पल बाजूला काढलेली, पाय पेडलवर, पार खालपर्यंत दाबलेला.

"तिथेच आहे, बाबा. सोडा आता."

"नाय सोडत. त्याला बोलव खाली."

दादा येईपर्यंत ते तसेच बसून होते. दादाने आधी मीटरवरचं शून्य पाहिलं, मग वाकून पाय पाहिला. मी कनेक्टर पुन्हा ढकलला, आकडा परत चारवर.

कनेक्टर उघडला तर आतल्या पिना हिरव्या पडलेल्या, चिकट, आणि एका पिनेला नारळाच्या शेंडीचा धागा चिकटलेला. सेन्सर नवा आला होता, कनेक्टर मात्र जुनाच राहिला होता. दसऱ्याला गाडीची पूजा झाली की बाबा बॉनेट उघडून नारळाचं पाणी इंजिनावर ओततात. सगळे टायरला देतात, इंजिनाने काय पाप केलंय, असं त्यांचं म्हणणं.

"म्हणजे गाडी मीच बिघडवली?" बाबांनी विचारलं.

"तुम्हीच," मी म्हणाले.

बाबा असे हसले की डोळ्यांत पाणी आलं. चावी काढून त्यांनी स्वतःच्या खिशात टाकली आणि जिन्याकडे निघाले. पहिल्याच मजल्यावर कुणीतरी काय झालं म्हणून विचारलं असावं, कारण त्यांचा आवाज खालपर्यंत आला.

"अहो, मीच बिघडवली! पायाचा काय संबंध नाय, हातानं बिघडवली!"