तोंड आक्काचं, आवाज दुसरीचा

ओढ्यापलीकडचं आमचं खाचर घरापासून चांगलं लांब आहे. तिकडं कोणी भाताच्या कामाला गेलं आणि जेवायला बोलवायचं झालं, तर बाकीच्या घरांत आता मोबाईल लावतात. आमच्याकडं आक्का ओट्यावर उभी राहून हाक मारते. आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. तिची हाक ओढा ओलांडते, आणि शहरातल्या लोकांनी घेतलेल्या फार्महाउसांवरची कुत्रीसुद्धा भुंकायला लागतात. लग्न होऊन कोळवणात आले तेव्हा त्या आवाजाला मी भीत होते. माझा आवाज शेजारच्या खोलीत पोचत नाही. चारचौघांत बोलायचं म्हटलं की मी पदर तोंडाशी घेते. म्हणून जे बोलायचं राहून जातं ते मी असं लिहून ठेवते.

मागच्याच्या मागच्या लावणीला आमच्या खाचरात पिक्चरचं शूटिंग होतं. गोष्ट एका शेतकरी घरातल्या सुनेची होती, आणि मागं लावणी करणाऱ्या बायका हव्या होत्या. आमची सावडीची रांग तयारच होती. सावड म्हणजे आज सगळ्याजणी माझ्या खाचरात, उद्या शेजारणीच्या, परवा तिसरीच्या. मजुरी नाही, पण कोणाचीही पाळी चुकवायची नाही.

सकाळी आम्हाला अंगावरचे प्लास्टिकचे कागद काढून पानांची इरली घालायला दिली. इरलं आमच्यात आता कोणी वापरत नाही, पण पिक्चरमध्ये तेच चांगलं दिसतं म्हणाले. हिरॉइन छत्रीखाली खुर्चीवर बसली होती. रंगानं ती सोललेल्या बदामासारखी. एक मुलगी तिच्या तोंडाला, हाताला, पायाला स्पंजनं काळा रंग लावत होती. मग ती डबी घेऊन आमच्याकडं आली, एकेकीकडं बघितलं आणि म्हणाली, "यांना काही नको."

"आपल्याला देवानं फुकटात लावून धाडलंय," शेजारीण म्हणाली, आणि रांग हसायला लागली.

डायरेक्टर म्हणाला, "तुम्ही नेहमीसारखी लावणी करा. कॅमेऱ्याकडं बघू नका." मी तर बघणारच नव्हते. पहिल्यापासून पाठ करूनच उभी राहिले. ते लोक कॅमेरा सरकवायला रूळ टाकत होते, दिवे बांधत होते, सामान कागदानं झाकत होते. आम्ही वाकलो. लावणीला एकदा वाकलं की रोप लावत मागं मागं सरकायचं, मधेच थांबता येत नाही, हात आपोआप चालतो. त्यांचा कॅमेरा तयार झाला तेव्हा खाचर या बांधापासून त्या बांधापर्यंत हिरवंगार झालं होतं.

डायरेक्टर बांधावर येऊन उभा राहिला. "हे काय? रिकामी जागा कुठं गेली? हिरॉइन लावणार कुठं?"

"लावलं की सगळं," शेजारीण म्हणाली. "तुमीच म्हनलात न्हवं, नेहमीसारखं!"

त्यानं कपाळाला हात लावला. मग म्हणाला, "बरं, अर्धं उपटून टाका. परत लावू."

आक्का पार पलीकडच्या कोपऱ्यात होती. तिथून तिचा आवाज आला, "ए! मातीत बसलेलं रोप उपटायचं न्हाई! हात लावाल तर बगा!"

हिरॉइन अशी दचकली, की तिच्या हातातला चहा मांडीवर सांडला. दिवे बांधणाऱ्या माणसानं शिडी घट्ट धरली. मला वाटलं आता हे लोक सामान गुंडाळून जातात. पण डायरेक्टर हसायला लागला. म्हणाला, "तो आवाज कुणाचा? त्या मावशींना इकडं बोलवा."

रोप उपटलं नाही. दुसऱ्या दिवसासाठी चिखल करून ठेवलेलं खालचं खाचर दिलं आणि आम्ही हात आवरत आवरत लावलं. त्यात एक प्रसंग होता. नवरा सोडून गेलेली सून लावणीत उभी राहून रडते आणि रांगेतली एक म्हातारी तिला काहीतरी बोलते. डायरेक्टरनं आक्काला विचारलं, "तुमची सून अशी रडत उभी राहिली तर काय म्हणाल?"

आक्कानं विचारही केला नाही. म्हणाली, "मागं सरकत सरकतच खाचर भरतंय, बाय. रडू नगं. हात चालव."

"हेच बोला," तो म्हणाला.

कॅमेरा सुरू झाल्यावर आक्का तेच बोलली, त्याच आवाजात. हिरॉइनचे खांदे एकदम हलले. तिनं मान वर करून आक्काकडं बघितलं, आणि त्या बघण्यात काय होतं ते मला सांगता येणार नाही. बोलणी खाल्लेल्या पोरीचं होतं, आणि कोणीतरी आपलं भेटल्याचंही होतं. मी चोरून, काखेखालून बघत होते. मुठीतली रोपं माझ्या हातातच राहिली.

त्या पोरीचं मला कौतुकच वाटलं. ती तीन दिवस चिखलात होती, पायाला चिखल्या झाल्या तरी हूं की चूं केलं नाही. आक्कानं मेंदी वाटून तिच्या बोटांच्या बेचक्यांत भरली, तर तिनं वाकून आक्काच्या पायाला हात लावला. सगळे बघत असताना नाही, गोठ्यामागं.

त्यानंतर आक्का जिला तिला सांगायची, "पिच्चरमदी माजा आवाज हाय." तोंड आहे असं कधी म्हणाली नाही. आवाजच म्हणायची. शेजारीण चिडवायची, "कापत्यात गं ते. तुला कशाला ठेवत्यात? तिकडं एकेकीचे नखरे बग, आनि तू!"

"कापू दे. न्हाई कापलं तर तू मला पुरनपोळी घालायची," आक्का म्हणायची.

भातकापणीच्या दिवसांत आक्काला फोन आला. मी तिथंच चुलीपाशी होते. पिक्चरवाल्यांपैकी एक बाई बोलत होत्या. शूटिंगच्या वेळी दिव्यांच्या जनरेटरचा आवाज मधे आला होता, म्हणून तेवढं वाक्य पुण्याला येऊन परत बोलायचं होतं. उद्या सकाळी गाडी पाठवतो म्हणाल्या. उद्याच, कारण पुढं जागा मोकळी नव्हती.

आक्का दारात जाऊन आभाळाकडं बघून आली. शेजारणीचं भात कापून खाचरात पडलेलं होतं आणि टेमघर धरणाच्या अंगानं ढग चढले होते. उद्या तिची पाळी होती. पेंढ्या बांधून उचलल्या नाहीत तर वर्षाचं भात तिथंच कोंब धरणार.

"उद्या न्हाई जमायचं, ताई," आक्का फोनवर म्हणाली. "परवा म्हनाल तर मी येस्टीनं यीन."

पलीकडून बाई म्हणाल्या ते मलाही ऐकू आलं. "मग आम्ही दुसऱ्या कुणाकडून करून घेऊ, मावशी. काळजी करू नका."

आक्कानं फोन ठेवला. "ए धाकटे, हे शेजारनीला सांगायचं न्हाई," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं सगळ्यांत जास्त भारे वाहिले. संध्याकाळी पाऊस आला तेव्हा शेजारणीचं भात पडवीत होतं.

पिक्चर आला तेव्हा माझ्या पुतणीनं तिकिटं काढली. पुतणी म्हणजे आक्काची लेक. ती हिंजवडीला कंपनीत कामाला आहे आणि तिथंच जवळ जांब्यात खोली घेऊन राहते. आम्ही रांगेतल्या सगळ्या बायका जीप करून मॉलमध्ये गेलो. आक्का मोतिया रंगाचं लुगडं नेसली होती. आमचं खाचर एवढं मोठं पडद्यावर आलं तेव्हा सगळ्याजणी "अगं बया" म्हणाल्या. एका कोपऱ्यात माझी पाठ दिसली. ती माझी आहे हे मला एकटीलाच कळलं.

मग आक्काचा चेहरा आला. कपाळावरचं गोंदण, ओघळणारं पाणी, सगळं. तोंड उघडलं आणि आतून भलताच आवाज आला. बारीक, गोड, गावठी बोलायचं म्हणून बोलल्यासारखा. शब्द आक्काचेच होते, पण ते साखर घालून आले. त्या आवाजानं चिमणीसुद्धा उडाली नसती, आणि पडद्यावरची हिरॉइन मात्र केवढ्यांदा दचकली. ते दचकणं उगीच वाटलं. मागच्या रांगेत कोणीतरी हसलंसुद्धा.

आक्का हलली नाही. मी तिच्या हातावर हात ठेवला, तर तिनं तो थोपटला, जसं काही मलाच वाईट वाटत होतं.

 परतताना जीपमध्ये शेजारीण म्हणाली, "पुरनपोळी तोंडापुरती घालू का आवाजापुरती?" नेहमी अशा टोमण्याला आक्का दोन परत देते. त्या दिवशी ती बाहेर बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी ओढ्यावर शेजारीण एकटी गोधडी आपटत होती. मी तिच्याजवळ गेले.  मग सांगितलं. फोन आला ते, ढग आले होते ते, आणि पाळी कुणाची होती ते. शेजारणीनं गोधडी तशीच पाण्यात धरली. 

पुढं काही महिन्यांनी टीव्हीवर बक्षिसांचा कार्यक्रम लागला. आमच्या घरी सगळ्याजणी बघायला बसलो. पुतणीही आली होती. आमच्या हिरॉइनला सगळ्यात चांगल्या नटीचं बक्षीस मिळालं. बक्षीस देताना तिचा तोच प्रसंग दाखवला, मान वर करून बघण्याचा. पांढऱ्या झग्यात ती चांदण्यासारखी दिसत होती. हातात बक्षिसाची बाहुली धरून म्हणाली, "ज्या मावश्यांनी मला चिखलात उभं राहायला शिकवलं, त्यांची मी आभारी आहे."

"बघा, नाव काडलं आपलं!" मी एकदम बोलले आणि सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्यावर पदर तोंडाशी घेतला.

पुतणीला ते पटलं नाही. "मावश्यांचे आभार मानले, पण मावश्यांतली एक तरी घेतली का? काळी बाई दाखवायची तर काळीच घ्यायची ना. गोरीला रंग कशाला फासायचा?"

"काळीला बघायला कोन तिकीट काडील?" शेजारीण म्हणाली. "आपल्याला आपलं तोंड आरशात फुकट दिसतंय."

"मामी, तुम्ही आला होतात की पिक्चरला. आईला बघायला!"

"ती आक्का हाय म्हनून."

आक्का म्हणाली, "पोरीनं काम चांगलं केलं. मी डोळ्यांनी बघितलंय. बक्षीस कामाला हाय, रंगाला न्हाई."

"मग रंगाचं काही नसतं तर लावलाच कशाला, आई?"

 पुतणी थांबली नाही. "तुझा रंग काढून तिला लावला, आणि दुसरीचा आवाज काढून तुला लावला. तुझं म्हणून तुझ्याकडं काय ठेवलं त्यांनी?"

 टीव्हीवर कोणीतरी नाचत होतं. आक्का उठली आणि भाकरीच्या पिठाला बसली. परातीत पाणी ओतताना म्हणाली, "आवाजाचं वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू." तेवढंच. पण आक्काच्या तोंडून मी असं पहिल्यांदा ऐकलं.

शेजारीण उठून गेली. मला वाटलं तिला लागलं. लागलंच होतं, पण ती रुसायला गेली नव्हती.

गणपतीत आमच्या आळीत पाच दिवस कार्यक्रम असतात. त्या वर्षी शेजारणीनं मंडळाच्या पोरांना गाठून सांगितलं, की यंदा आपल्या खाचरातला पिक्चर दाखवायचा. तो मोबाईलवर आला होता, तो पडद्यावर टाकायचा. आरती झाल्यावर सगळं गाव बसलं. आक्काला तिनं मुद्दाम पुढं, स्पीकरवाल्याच्या टेबलाशेजारी बसवलं.

खाचराचा प्रसंग जवळ आला तशी शेजारीण उठली. स्पीकरवाल्याला म्हणाली, "आता आवाज बंद कर." आणि माईक आक्काच्या हातात दिला. "बोल."

"काय बोलू?"

"तुजं जे हाय ते बोल! माज्या भातापायी गेलं ते. बोल लवकर!"

आक्का माझ्याकडं बघायला लागली. म्हणजे मी सांगितलं ते तिला कळलं. तेवढ्यात पडद्यावर तिचं तोंड उघडून मिटलंसुद्धा, आणि मग मांडवात तिचा आवाज आला. सगळं गाव हसलं.

"म्हातारे, उशीर केलास!" मागून कोणी ओरडलं.

"परत लावा रे," शेजारीण म्हणाली. "पिच्चरवाले धा धा बारीला घेत्यात. आमच्या आक्काला दुसरी बारी बी न्हाई व्हय?"

पोरांनी परत मागं नेलं. आक्का उठून उभी राहिली. माईक तिनं माझ्या हातात दिला. तिला तो कशाला लागतोय! आवाज नसलेल्या पडद्यावर पाऊस पडत होता, सून रडत होती, कोपऱ्यात माझी पाठ वाकलेली होती. आक्काचं तोंड उघडलं.

"मागं सरकत सरकतच खाचर भरतंय, बाय. रडू नगं. हात चालव."

फार्महाउसांवरची कुत्री भुंकायला लागली. आणि पडद्यावर हिरॉइनचे खांदे हलले, तिनं मान वर केली. मॉलमध्ये जे उगीच वाटलं होतं, ज्याला बाहुली मिळाली होती, ते दचकणं आता बरोबर जागेवर बसलं. ती आमच्या आक्काला दचकली होती.

मांडवात कोणी हसलं नाही. शेजारणीनं डोळ्याला पदर लावला आणि पुरणपोळीला डाळ किती भिजवू म्हणून विचारलं.