बाळंतिणीच्या दारातला दामाजी

कोपरीच्या कोळीवाड्यात पोर जन्माला आलं की दोन माणसं हटकून यायची. एक सुईण आणि दुसरा दामाजी. सुईण आत जायची, दामाजी उंबऱ्याशी थांबायचा. हातात टोपली, टोपलीत खाडीच्या चिखलातल्या जिवंत निवट्या. बोटाएवढी ही मासळी, डोळे वर काढून टुणटुण उड्या मारणारी. निवट्यांचं कालवण खाल्लं की बाळंतिणीला दूध येतं, ही वाड्याची पिढ्यान्‌पिढ्यांची खात्री. आणि दामाजीच्या घराण्याची रीत अशी, की आणणाऱ्यानं वाटेत पाय धुवायचे नाहीत. चिखलातून उठायचं ते थेट दारात. तिथं घरातल्या थोरल्या बाईनं त्याच्या पायांवर तांब्याभर पाणी घालायचं. बदल्यात बाकी काही घ्यायचं नाही, चहाचा घोटसुद्धा नाही. त्या पाण्याचा दामाजीला काय माज! सगळी खाडी बापाच्या मालकीची असल्यासारखा पाय पुढे करायचा.

त्याची बायको मनुबाई हे सगळं कौतुकानं बघायची, पण तिला दुसरंही दिसत होतं. मासळी विकायची ती. शहाऐंशी सालच्या सुमाराला गिऱ्हाइकं खाडीची बोय परत करायला लागली. "मनुबाई, रॉकेलचा वास मारतोय हो." मारत होताच. वरून कारखान्यांचं पाणी, खालून गटारं, बाजूनं मातीचे भराव. खाडी बिचारी कुठं कुठं तोंड लपवणार? मनुबाईनं कपाळाला हात लावून बसणं पसंत केलं नाही. ती मुंबईच्या धक्क्यावरून बर्फातली मासळी आणून नव्या बिल्डिंगींतून विकू लागली. घर त्यावर चालायला लागलं. दामाजी ती मासळी तोंडात घालायचा नाही. भात-सुकटीवर भागवायचा, कोरडीच राहिलेली जाळी विणत बसायचा आणि म्हणायचा, "खाडी रुसलीय. येईल परत." मनुबाई कधी उलटून बोलली नाही. रुसलेल्या माणसाला काय बोलायचं?

अशात त्यांची लेक मालू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली, गोरीपान, पण रडून रडून निळी पडायची. मालूला दूधच येईना. दामाजीच्या अंगात वीज संचारली. ओहोटी लागताच कमरेइतक्या चिखलात उतरला, बिळांत खांद्यापर्यंत हात घालत पार लांब गेला. परत आला तेव्हा उन्हानं करपला होता आणि टोपलीच्या तळाशी जेमतेम मूठभर निवट्या होत्या.

"घाल पाणी," तो दारातून ओरडला, "नातीचं पाणी हाय हे!"

मनुबाईनं पाणी घातलं. पायांवरून ओघळलेल्या पाण्यावर तेलाची रंगीत साय तरंगत गेली. तिनं पाहिलं आणि मान खाली घातली.

चुलीवर तिनं लसूण घातला, कोकम घातलं, वास काही मरेना. कालवणाचा एक थेंब जिभेवर ठेवला आणि थुंकला.

"आये, दे तसंच," मालू आतून म्हणाली. "नाय खाल्लं तर बापूस मनाला लावून घेतील."

"ओल्या बाळंतिणीला रॉकेल पाजू काय गो? येडी हायस?"

कालवण मागच्या दारी मातीत गेलं. मनुबाई तडक समोरच्या बिल्डिंगीत विमलाबाईंकडे गेली. विमलाबाई मूळच्या सातारच्या, तिच्या जुन्या गिऱ्हाईक. "आमच्याकडे अळिवाची खीर देतात," त्या म्हणाल्या आणि वाटीभर लाल अळीव भिजत घातले. वाड्यातल्या कुठल्या बाळंतिणीनं परक्यांचं खाणं तोंडाला लावलं नव्हतं. मनुबाईनं खीर पदराखाली लपवून आणली. दोन-चार दिवसांत मालूला दूध आलं, पोर तृप्त होऊन झोपायला लागली.

आणि दामाजी? त्याचे पाय जमिनीवर ठरेनात. वाडाभर सांगत सुटला, "बघितलंत? माझ्या खाडीत अजून दम हाय!" कितीतरी वर्षांनी तो हसत होता. मनुबाईला वाटलं, राहू दे. एवढ्याशा खोट्यानं कुणाचं काय जातंय?

पण महिना उलटायच्या आत शेजारच्या रंगूबाईची सून शेवंती बाळंत झाली. तिलाही दूध कमी. दामाजीनं खुंटीवरची टोपली काढली. रंगूबाई साधी भोळी, पुढ्यात येईल ते सुनेच्या ताटात वाढणारी.

"अवो, थांबा," मनुबाई दार अडवून म्हणाली. "मालूनं निवट्या खाल्ल्याच नाय. मी फेकल्या. इमलाबाईची अळिवाची खीर दिली तिला."

दामाजीनं टोपली खाली ठेवली. मग भिंतीला टेकून खाली बसला. "खाडी मेली असं म्हण ना सरळ," एवढंच बोलला. मनुबाईला रडू फुटलं. त्याचा हात धरायला गेली तर त्यानं हात काढून घेतला, टोपली उचलली आणि बाहेर पडला.

ओहोटीची वेळ सरेपर्यंत ती दाराकडे डोळे लावून बसली. मग बाहेर गलका झाला, "दामाजी आला, दामाजी आला!" मनुबाई अनवाणी धावली. शेवंतीच्या दारात दामाजी उभा, गुडघ्यापर्यंत काळा चिखल, टोपलीवर आळूचं पान. ऐकलं नाहीच यानं! रंगूबाई तांब्या घेऊन बाहेर येत होती.

"रंगू, घेऊ नको गो!" मनुबाईनं झडप घालून पान उचललं.

टोपलीत लाल अळीव होते.

"इमलाबायनं वाण्याचं दुकान दाखवलं," दामाजी खालच्या आवाजात म्हणाला. "मग खाडीत उतरून आलो."

रंगूबाई गोंधळली. "हे काय रं दामाजी? हे काय खाडीचं हाय?"

"खाडीचंच समज," तो म्हणाला. "पाय बघ माझं."

मनुबाईनं रंगूबाईच्या हातातला तांब्या घेतला. थोरली बाई त्या घरची नव्हती ती, पण कुणी अडवलं नाही. ती खाली बसली आणि नवऱ्याच्या पायांवर पाणी घालू लागली. चिखल गेला, तेलाचा ओशटपणा जाईना, म्हणून पदरानं चोळू लागली.

"पुरे गो," दामाजी म्हणाला. "पुढल्या दारी परत भरायचंच हायत."