चिऱ्यांची चिमणी
ओल्या चिऱ्याचा वास आला की शेजारच्या काकूंचं घर आठवतं. मी तेव्हा परकरात होते. काका बोटीवर होते. त्यांनी विलायतेतल्या दगडी घराचं चित्र आणून गवंड्याला हुबेहूब तसंच बांधायला लावलं. इवल्या खिडक्या आणि धूर जायला चिऱ्यांची चिमणी. आमच्या चुलीचा धूर कौलांतून वाटेल तिथून निघायचा, त्यांचा एकाच जागेतून ऐटीत वर जायचा. मी नुसती जळायचे. पावसाळ्यात काकू सुपात तांदूळ घेऊन निवडायला आमच्या पडवीत आल्या. "त्या चित्रात पडवीच नव्हती गो. आता माणसान बसूचा खंय?" आई सुखावून हसली. मी मात्र काकूंच्या डोक्यावरून चिमणीकडेच बघत होते. आज माझ्या घरात गॅस आहे. तरी छपरावर चिमणी बांधून घेतलीय, त्यांच्यापेक्षा हातभर उंच.